अकेडियात आधी ओहोटीची वेळ पाहावी
सप्टेंबरमध्ये मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या वाशीच्या काकांनी तिथल्या मेन राज्यातल्या, समुद्रकाठच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानाला एक दिवस पुरेल का, असे विचारले आहे. माझ्या मते दोन तरी द्यावेत. ऐरोलीची फ्लेमिंगो दाखवणारी बोट जशी भरती पाहून सुटते, तसेच उद्यानालगतच्या बार हार्बर गावात ब्रिज स्ट्रीटच्या टोकाशी आहे: ओहोटीच्या आगेमागे साधारण दीड-दीड तासच गोट्या-शिंपल्यांची वाट समुद्रातून वर येते आणि बार आयलंडवर चालत जाता येते, रेंगाळल्यास तिकडेच अडकून पडावे लागते. कॅडिलॅक शिखरावर मोटार न्यायची तर हंगामात आरक्षण लागते. दानशूर धनिक जॉन रॉकफेलर (कनिष्ठ) यांनी उद्यानात बांधवून घेतलेल्या घोडागाड्यांच्या रस्त्यांवर मात्र मोटारींना बंदी आहे, आणि तिथले दगडी पूल काकांनी सावकाश, पायीच पाहावेत.