शेअर केलेला प्रिंटर जोडताना आलेले एरर – तुमचा अनुभव सांगा

प्रिंटर एका कॉम्प्युटरला केबलने जोडलेला आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून त्यावर प्रिंट काढायची. सांगायला सोपं, पण जोडताना एरर आला की अख्खी दुपार जाते. मी दोन दिवस नुसता ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) काढत आणि टाकत बसले होते. एररच्या शेवटी जो आकडा येतो तोच दुखणं सांगतो, हे फार उशिरा कळलं. म्हणून लिहिताना आकडा जरूर लिहा, आणि काम नेमकं कशानं झालं तेही.

माझा आकडा ११बी. आदल्या दिवशीपर्यंत चालणारा प्रिंटर एकाएकी जोडलाच जाईना. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटपासून, प्रिंटर ज्याला जोडलेला आहे तो कॉम्प्युटर समोरच्याची ओळख जास्त कडकपणे तपासतो. एकावर अपडेट झालंय आणि दुसऱ्यावर नाही, अशी माझी स्थिती होती. रजिस्ट्रीतली (विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात तिथली) 'आरपीसी ऑथएन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड' ही नोंद शून्य करा, असं ज्याला विचारावं तो सांगत होता. केली, प्रिंट आलीही. पण ती तपासणी एका सुरक्षा त्रुटीवरचा उपाय म्हणूनच आणलेली आहे. शून्य करणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं. मग दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट केले, नोंद परत १ केली, स्पूलर (प्रिंटची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) रीस्टार्ट केला, आणि प्रिंटर जोडला गेला. ज्यांनी शून्य करून तसंच सोडलंय त्यांनी कृपया आजच बघा.

* * *

माझा ७०९. हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या मोजणीत असतात. कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमर मोडवर नेऊन आकडा नेहमीच्या मोजणीत बदलला तर १८०१ येतो, आणि कमांड प्रॉम्प्टवर 'नेट हेल्पएमएसजी १८०१' दिलं की अर्थ मिळतो: प्रिंटरचं नाव चुकीचं. नाव तर अक्षरन् अक्षर बरोबर होतं! मूळ निघालं वेगळंच. विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीपासून शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलणं नेम्ड पाइपऐवजी टीसीपीवरून होतं (दोन्ही कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचे मार्ग), आणि पलीकडचा कॉम्प्युटर जुना होता. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या खिडकीत) प्रिंटर्सखाली आरपीसी कनेक्शनची सेटिंग आहे, तिथे नेम्ड पाइप निवडल्यावर जमलं.

* * *

मला आकडा नव्हता, फक्त युजरनेम-पासवर्डची खिडकी परत परत यायची. मी रोज ज्यानं लॉगिन करते तो पिन टाकत होते. पिन त्या एका कॉम्प्युटरपुरताच असतो, नेटवर्कवरून चालत नाही. प्रिंटरवाल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक वेगळा लोकल युजर काढला, माझ्याकडच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज जिथे पासवर्ड साठवून ठेवतं तिथली) जुनी नोंद उडवली, आणि युजरच्या आधी त्या कॉम्प्युटरचं नाव, मग बॅकस्लॅश असं लिहिलं. पहिल्याच वेळी आत.

* * *

ऑगस्ट २०२१ नंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणून साधा युजर तिथेच अडतो. मी ॲडमिनकडून आधी ड्रायव्हर टाकून घेतला. मग 'लोकल प्रिंटर' निवडून नवीन लोकल पोर्ट (प्रिंट कुठे पाठवायची तो पत्ता) केला, आणि पोर्टच्या नावात दोन बॅकस्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, एक बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव. शेअर नावात मोकळी जागा ठेवू नका, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

* * *

प्रिंटर नीट जोडला गेला, पण एक फाइल 'डिलीटिंग' म्हणत तासभर तशीच. सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवला, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' उघडलं. आत त्याच कामाच्या दोन फाइली, एक एसपीएल, एक एसएचडी. फक्त त्या पुसल्या (फोल्डर नाही!), स्पूलर पुन्हा चालू केला. तिच्यामागे अडकलेली बाकीची पानं लगेच निघाली.

* * *

आमच्याकडे प्रिंटरचा दिवा हिरवा, म्हणून तीन दिवस कुणालाच शंका आली नाही. ज्याला तो जोडला होता तो कॉम्प्युटर स्लीपमध्ये जायचा. स्लीप बंद केली, नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' केलं. पुढे प्रिंटरच थेट राउटरला जोडला, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा राखून ठेवला, आणि प्रत्येकानं तो आयपी देऊन आपापला प्रिंटर जोडून घेतला. आता कुणाचा कॉम्प्युटर बंद असला तरी प्रिंट येते.