मदत हवी आहे: रिपोर्ट थायरॉईडचा, लक्षणं मात्र दुसरंच सांगतायत (धाकट्या बहिणीबद्दल)

नमस्कार. धाकट्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय ३१, सोलापुरातच अशोक चौकाच्या बाजूला राहते, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये कॉलर बसवायचं काम करते. दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याचं यंत्रमागावरचं काम सुटलं, आणि त्याच सुमाराला हिचं सुरू झालं. अचानक छातीत धडधड, हात थरथरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, रात्रभर टक्क जागी. वजनही उतरलंय, ब्लाउज सगळे उसवून आत घ्यावे लागले. घरच्या डॉक्टरांनी टेन्शन म्हणून झोपेची हलकी गोळी दिली. तिच्या सासूबाईंना स्वतःला थायरॉईड आहे. त्यांनी हट्टानं रक्त तपासायला लावलं.

रिपोर्ट असा आला: टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड जास्त चालला की ते कमी होतं) ०.०६ (नॉर्मल साधारण ०.४ ते ४), आणि फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) वरच्या मर्यादेच्या बराच पुढे. म्हणजे हायपर, थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. डॉक्टरांनी कार्बिमॅझोल (थायरॉईडचं काम कमी करणारी गोळी) लिहून दिलीय, पण ती अजून सुरू केलेली नाही. आई म्हणते, "बघ, पोरगी खरंच आजारी होती, उगाच टेन्शन टेन्शन करत होतात." भाऊजी म्हणतात, आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवू.

रिपोर्ट पाहून मलाही हायसं वाटायला हवं होतं, पण वाटत नाहीये. कारण मी तिच्याजवळ राहून जे बघतेय ते त्या रिपोर्टशी जुळत नाही.

थायरॉईड वाढला की भूक वाढते आणि तरी वजन घटतं, असं वाचलं. हिला तर भाकरीचा पाव तुकडाही जात नाही, ताटात शेंगाचटणी आणि दही तशीच पडून राहतात. हात गरम आणि दमट असतात म्हणे. हिचे बर्फासारखे गार पडतात. गरमी सहन होत नाही, या लक्षणाचं आम्ही सोलापूरकरांनी काय करायचं? एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला गेला की इथे कुणालाच सहन होत नाही. म्हणून मी थंडीतलं आठवून बघितलं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री आम्ही सगळ्या साध्या साडीवर होतो, आणि ही स्वेटर घालून वर शाल पांघरून. त्याच रात्री होम मैदानावरच्या गर्दीत तिचा जीव इतका घाबराघुबरा झाला की हाताला धरून बाहेर आणावं लागलं. बाहेर चौपाडच्या बाजूला बसवून पाणी पाजलं, आणि थोड्या वेळात नाडी आपोआप खाली आली.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे झोपेतली नाडी. डोळा लागला की मी मनगट धरून मोबाईलच्या घड्याळावर मोजते. गाढ झोपेत ती ७० च्या आसपास असते. जागेपणी भीती दाटली की १२० च्या वर. थायरॉईडमुळे धडधड असेल तर ती झोपेतही कमी होत नाही ना?

डोळे पुढे आलेले नाहीत, मान सुजलेली नाही, पाळी नेहमीसारखी आहे. हात पुढे पसरून बोटांवर कागद ठेवला तर कागद हलतो, पण ते थायरॉईड आणि टेन्शन दोन्हीत होतं म्हणतात.

तर विश्वास कशावर ठेवायचा, लक्षणांवर की रिपोर्टवर? कुणाच्या घरी असं झालंय का? डॉक्टरांना पुढच्या वेळी नेमकं काय विचारू?

---

प्रतिसाद (बार्शीहून)

ताई, रिपोर्ट हलक्यात घेऊ नका एवढंच सांगते. माझ्या नणंदेचं बरोबर उलटं झालं. बराच काळ तिला घाबरटपणावरच्या गोळ्या चालू होत्या, आणि निघाला ग्रेव्ह्ज, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला डिवचत राहते तो आजार. तिचं चित्र मात्र तुमच्या बहिणीसारखं नव्हतं. दिवसातून चार वेळा जेवायची आणि तरी गालफडं बसलेली. दिवसाला तीन-चारदा शौचाला. खाली बसून भांडी घासली की हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही, मांड्यांतलं बळच गेलं होतं. आणि रात्रीही नाडी शंभराच्या वर. शेवटी डोळे मोठे दिसायला लागले तेव्हा कुणीतरी ओळखलं.

तुम्ही झोपेतली नाडी मोजलीत हे फार चांगलं केलंत. ती वहीत तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा.

---

प्रतिसाद (लॅबमध्ये काम करतो, सोलापूरच)

एकच प्रश्न: बहीण केसांसाठी किंवा नखांसाठी कुठली गोळी घेते का? पाकिटावर बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) लिहिलंय का बघा.

का विचारतोय ते सांगतो. बऱ्याच मशिनवर थायरॉईडच्या तपासणीत बायोटिन वापरूनच मोजणी होते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी-३, टी-४ खोटे जास्त येतात. कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईड, आणि माणसाची ग्रंथी ठणठणीत. ग्रेव्ह्जची अँटीबॉडी तपासणीसुद्धा काही मशिनवर याच कारणानं खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून घोळ आणखी पक्का होतो. माणसाची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, आणि केसांच्या गोळीत सर्रास १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे अडीचशे-तीनशे पट. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे लोकांना ते औषध वाटतच नाही आणि कुणी सांगत नाही. आमच्याकडेही रक्त घेताना हा प्रश्न सगळीकडे विचारला जात नाही, तो विचारायला हवा.

सगळ्याच मशिनवर असं होत नाही. त्यामुळे गोळी चालू असली तरी रिपोर्ट खोटाच आहे असं धरून चालू नका. डॉक्टरांना फोन करून गोळीचं सांगा, त्यांच्या सल्ल्यानं ती बंद करा, निदान दोन दिवस जाऊ द्या (डोस मोठा असेल तर जास्त), आणि मग टीएसएच, फ्री टी-४, फ्री टी-३ परत करा. सोबत हिमोग्लोबिनही बघा, रक्त कमी असलं तरी धडधड होते. कार्बिमॅझोलचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या. ती सुरू झालीच आणि मध्येच ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण क्वचित त्या एकदम घसरतात.

आणखी एक. छातीत दुखतं म्हणून कुणी दवाखान्यात गेलं तर तिथेही बायोटिनचं आवर्जून सांगा. हार्ट अटॅकसाठीची ट्रोपोनिन तपासणी त्यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

---

धागाकर्तीचं उत्तर

दादा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच तिला फोन लावला. केस गळतात म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली गोळी ती संक्रांतीपासून रोज घेतेय. पाकिटाचा फोटो मागवला, त्यावर १० मिलिग्रॅम स्पष्ट लिहिलंय. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, केसांची गोळी बंद करायला लावली, कार्बिमॅझोल थांबवून ठेवली आणि आठवडा जाऊन रक्त परत दिलं.

टीएसएच १.९. फ्री टी-४, टी-३ दोन्ही मर्यादेत. हिमोग्लोबिन ९.४, त्याच्या गोळ्या सुरू केल्यात. ईसीजी नॉर्मल.

म्हणजे थायरॉईड नाही. पण आता घरात नवीनच सुरू झालंय. आई म्हणते, "काहीच निघालं नाही ना, मग झालं तर." मला हे अजिबात पटत नाही. काहीच नसतं तर पोरीचा कॉलर लावताना हात थांबला नसता, ती बसमध्ये चढायला घाबरली नसती. डॉक्टरांनीच मानसोपचार तज्ज्ञांची चिठ्ठी दिली, आम्ही जाऊन आलो. त्यांनी याला पॅनिकचे झटके आणि सततची चिंता म्हटलं, एक गोळी कमी डोसनं सुरू केली आणि समुपदेशनालाही बोलावलंय. पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस धडधड थोडी वाढूही शकते, हे त्यांनी आधीच सांगितलं. रात्री-अपरात्री फारच घाबरली तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, तोही तिच्या मोबाईलमध्ये घालून दिलाय.

बार्शीच्या ताई, नणंदबाई आता कशा आहेत ते नक्की कळवा.

आणि सगळ्यांनाच विचारते: गोळीच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत तुमच्या घरच्यांनी काय केलं? तिला कामावर जाऊ द्यावं की सुट्टी घ्यायला लावावी? शाळा उघडायच्या आधी युनिटमध्ये गणवेशाची घाई असते, मालक चांगले आहेत, पण ती स्वतःच घरी बसायला तयार नाही.