मदत हवी आहे : आठवीच्या मुलांना दहा दिवस काम बघायला कुठे पाठवू?

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यात, चांदीकामाच्या हुपरीजवळच्या शाळेत शिकवते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं सुचवलंय. गेल्या वर्षी एका कारखानदारांनी ऐनवेळी नकार दिला. "पोरं दिसली की बालमजुरीची केस होईल, बाई." भीती रास्तच आहे. पण मुलं यंत्राला किंवा भट्टीला हात लावणार नाहीत. बघतील, विचारतील, वहीत टिपतील. आम्ही शिक्षक सोबत असूच.

एक मुलगी रोज आईला पैंजणाला घुंगरू जोडताना बघते. तिला पुढचं बघायचंय: वजन, घट (घडवताना कमी होणारी चांदी), मजुरी, बिल. हे तिला कोण दाखवेल?

चांदीची पेढी, दूध संस्था, छापखाना, इचलकरंजीतलं सायझिंग (विणण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना), काहीही चालेल. पालकांच्या संमतिपत्राचा आणि मालकांना द्यायच्या पत्राचा नमुना कुणाकडे आहे का? दिवाळीनंतर सुरू करायचंय.