स्विफ्टच्या पुढून खडखड येते, सगळं सस्पेन्शन बदलायचं का? (अमळनेर-धुळे)

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची स्विफ्ट पेट्रोल, व्हीएक्सआय. लाखाच्या वर चालली आहे. रोज अमळनेर-पारोळा ये-जा, आणि अधूनमधून सासूबाईंना पाठीच्या उपचारासाठी नाशिकला न्यावं लागतं. हिवाळ्यापासून पुढच्या डाव्या बाजूने खडखड सुरू झाली आहे. हळू चालवताना, बारीक खड्ड्यांत जास्त येते. मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र फारसं वाजत नाही. सासूबाई मागे बसतात आणि प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेत बसतो.

धुळ्यातल्या एका गॅरेजने गाडी रॅम्पवर न चढवताच यादी दिली: पुढचे दोन्ही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर), त्यांचं वरचं माउंटिंग, चाकांना खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, सगळे रबरी बुश. 24 हजार. माझं बजेट 8 हजार आहे, फार ताणलं तर 9. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शहाद्याला माहेरी जायचंय, त्याआधी काम व्हायला हवं. नक्की काय गेलंय ते कसं ओळखायचं आणि आधी काय बदलायचं, एवढं सांगा. गाडी विकायची नाही.

केळीवाला_रावेर:
ताई, आपल्याकडच्या रस्त्यांना हॅचबॅक पुरत नाही. मी बोलेरो घेतली तेव्हापासून सस्पेन्शन हा शब्द तोंडातून निघाला नाही. बांधावरून, नाल्यातून, केळीच्या बागेत थेट. 24 हजार त्या गाडीत घालण्यापेक्षा डाऊन पेमेंटला ठेवा.

पांझराकाठ:
चारही शॉकअप बदला, विषय संपला. मी गॅब्रिएलचे चारही टाकले, सोबत माउंटिंग, मजुरी, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरून 15 हजारांच्या आसपास गेले. आता कन्नड घाट उतरताना गाडी रुळावर असल्यासारखी बसते. अर्धवट काम करून पुन्हा पुन्हा गॅरेजला जाण्यात मजा नाही.

भुसावळचा_मुक्काम:
हवा किती भरता? अर्धे लोक 40 भरून फिरतात आणि मग सस्पेन्शन कडक झालं म्हणतात. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे लिहिलेले असतात, तेवढीच भरायची. आणि नायट्रोजन भरा. आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, साधी हवा फुगते.

गिरणाकाठ:
भुसावळकर, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. उन्हात तोही फुगतो. खरी गोष्ट ही की हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची. दुपारी पंपावर जाऊन वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही, रात्री ती कमी भरते.

भुसावळचा_मुक्काम:
मी कायम नायट्रोजनच भरतो आणि माझी टायर उत्तम टिकली आहेत. ज्याला पटेल त्याने घ्यावं.

सातपुडा_पायथा:
चोपड्याला माझं गॅरेज आहे. तुम्ही अमळनेरच्या, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून बोलवत नाही, फक्त सांगतो. तुमच्या पोस्टमध्येच बरंचसं उत्तर आहे. मोठ्या स्पीडब्रेकरवर पुढची दोन्ही चाकं एकदम वर जातात. त्यांना जोडणारा जो आडवा स्टॅबिलायझर बार असतो, तो तेव्हा पिळला जात नाही, नुसता आपल्या जागी फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो आणि सगळा झटका बारला चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या लिंक रॉडच्या टोकांच्या छोट्या बॉल जॉइंटवर येतो. तो सैल झाला की अशीच खडखड येते, हळू वेगात आणि बारीक खड्ड्यांत. दहापैकी सात गाड्यांत मला हेच सापडतं आणि गिऱ्हाईक शॉकअप बदलून आलेलं असतं. लिंक रॉड ही बाराशे-पंधराशेला जोडी मिळणारी वस्तू आहे.

खात्री करायची तर मिस्त्रीला दोन्ही लिंक रॉड सोडायला सांगा आणि गाडी तिथल्या तिथे, गल्लीतल्या खड्ड्यांतून हळू फिरवून आणा. आवाज गेला तर लिंक रॉडच. त्या अवस्थेत हायवेवर मात्र जायचं नाही, वळणावर गाडी फार झुकते.

बाकीचे आवाज वेगळे असतात. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समध्ये थांबताना एकच ‘टक्’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टंग’ करून स्प्रिंग उडत असेल तर वरचं माउंटिंग आणि त्यातली बेअरिंग. बॉनेट उघडा, एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने वर माउंटिंगवर हात ठेवायचा, झटका हाताला कळतो. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटला मात्र पैशासाठी थांबायचं नाही. तो निखळला तर चाक आडवं पडतं. जॅकवर घेऊन पहारीने हलवून बघायला लावा.

शॉकअपची परीक्षा घरी होते. गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक, डोलत राहिली तर गेला. आणि आत वाकून बघा, शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला ओघळ असेल आणि त्यावर धूळ चिकटली असेल तर दाबून बघायचीही गरज नाही.

साक्री_रोड:
सातपुडा बरोबर बोलले. मी तर दर सर्व्हिसिंगला खालून डिझेल मारून घेतो, सगळे बुश नरम राहतात, करकर येत नाही.

सातपुडा_पायथा:
दादा, तेच नका करू. डिझेल आणि जळकं ऑइल रबराला फुगवतं. पंधरा दिवस आवाज बंद होतो आणि मग बुश पत्र्यापासून सुटतो. खालचा चिखल पाण्याने धुवा, तेवढं पुरे. आपली काळी माती सुकली की दगडासारखी होते आणि शॉकअपच्या डस्ट बूटमध्ये (दांड्यावरच्या रबरी आवरणात) जाऊन दांडा घासते, सील तिथूनच जातं. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी गेली की आतून धुणं महत्त्वाचं.

साक्री_रोड:
आमचे वडील ॲम्बेसिडरला हेच करायचे, गाडी कितीतरी वर्षं चालली.

सातपुडा_पायथा:
ॲम्बेसिडरच्या पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस भरायचे निपल होते आणि मागे पाटे. त्या गाडीला तेल-ग्रीस लागायचंच. स्विफ्टला खाली एकही निपल नाही.

अहिराणी_भो:
ताई, गाडी चांगली शे, रस्ता बेकार शे. शहाद्याला कोणत्या रस्त्याने जाता? बेटावद-शिरपूरवरून जाऊ नका, नरडाणा-दोंडाईचा करून सारंगखेड्याला तापी ओलांडा.

शिरपूरकर:
का बरं? शिरपूर-शहादा सरळ रस्ता आहे. मी तिकडूनच येऊन-जाऊन राहिलो.

अहिराणी_भो:
केळीचे आणि उसाचे ट्रक, भो. रात्री त्यांच्या मागे लागलं की खड्डा दिसतच नाही. खड्डा दिसला नाही तर नवीन शॉकअपही काय करणार?

एरंडोल_फाटा:
सगळे पुढचंच बोलून राहिले. मी स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातले आहेत, चारही चाकांना. गाडी बोटभर उचलली, आता स्पीडब्रेकरला खाली घासत नाही. पद्मालयाला पाच जण घेऊन जातो. ताईंच्या बजेटात बसतं.

तंत्रनिकेतन_धुळे:
बफरबद्दल कळकळीने सांगतो, ताईंनी ते घालू नयेत. बफर घातला की स्प्रिंगचे एक-दोन वेढे कामातून जातात. जेवढे वेढे कमी, तेवढी स्प्रिंग कडक. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हा गाडी उचललेली राहते हे खरं, पण एकटी बाई मागे बसलेली असताना झटका वाढतो. इथे प्रश्न कमरेचा आहे.

मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडं लांबवतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नव्हे. स्प्रिंग दबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे डोलणं थांबवण्याचं काम शॉकअपचं: आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि त्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. गरम लागणं हे चांगलं लक्षण. एका बाजूचा गरम आणि दुसऱ्या बाजूचा थंड असेल तर थंडाकडे संशयाने बघावं.

आता स्विफ्टमध्ये पुढे आणि मागे मोठा फरक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, फोर्डमधल्या अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची रचना, 1950 च्या सुमाराच्या फोर्ड गाड्यांत आली आणि आज बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांत आहे. यात शॉकअप नुसता डोलणं थांबवत नाही, तो चाकाला उभंही धरतो. त्यामुळे तो काढायचा म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून बांधायची, वरचं माउंटिंग उघडायचं आणि नंतर अलाइनमेंट. कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम अजिबात देऊ नये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. मागे मात्र टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई. चाकं बीम धरतो, स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. मागचा शॉकअप वरचा नट आणि खालचा बोल्ट काढला की हातात येतो. मजुरी थोडी, अलाइनमेंट नाही.

पांझराकाठ:
सर, शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट लागतंच. मला सगळ्यांनी हेच सांगितलं.

तंत्रनिकेतन_धुळे:
पुढचे बदलल्यावर, हो. मागच्या बीमला बहुतेक छोट्या गाड्यांत जुळवायला काहीच दिलेलं नसतं.

चाळीसगाव_जंक्शन:
शॉकअप कधीही जोडीनेच बदला. एक नवा एक जुना चालत नाही. आणि लिंक रॉड बघून घ्या.

गिरणाकाठ:
हे वर येऊन गेलंय. टायर कोणी विचारलंच नाही. ताई, टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतील. 2318 असेल तर 2018 सालच्या 23 व्या आठवड्यातलं टायर. सहा-सात वर्षांपुढचं रबर आपल्या उन्हात लाकूड होतं, नक्षी कितीही शिल्लक दिसो. आणि टायरवर हात फिरवून बघा, मध्ये मध्ये वाटीसारखे खोलगट डाग लागले तर त्या चाकाचा शॉकअप गेलाय समजा.

अलॉय_जळगाव:
टायरचाच विषय निघाला तर 15 इंची अलॉय चाकं घाला ना ताई. गाडीचा रुबाब बदलतो. मी घातलेत, वळणावर काय पकड आहे!

गिरणाकाठ:
अलॉयने रुबाब येईल, पण टायरची भिंत बुटकी होईल आणि कमरेला आणखी बसेल. 14 चंच राहू द्या.

बोरीकाठ:
सगळ्यांचे आभार. काल अमळनेरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी रॅम्पवर चढवली आणि सातपुडा दादांनी सांगितलं तसं एकेक करून बघितलं. लिंक रॉड सोडून गल्लीतून फेरी मारली, खडखड पूर्ण गेली. डाव्या लिंक रॉडचा वरचा जॉइंट हाताने हलतो. लोअर आर्मच्या डाव्या बुशला वरवर भेगा आहेत, पण बॉल जॉइंटला दोन्ही बाजूंनी खेळ नाही. पुढचे शॉकअप कोरडे आहेत, दाबून सोडलं तर एकदाच वर येऊन थांबतात. माउंटिंगला आवाज नाही.

मागचा उजवा शॉकअप मात्र तेलाने भिजलेला निघाला. दाबला तर डोलत राहतो. त्याच बाजूच्या टायरवर वाटीसारखे डागही सापडले. सासूबाई बरोबर त्याच बाजूला बसतात. धुळ्याच्या 24 हजारांच्या यादीत मागचा शॉकअप नव्हताच.

ठरवलंय ते असं: दोन्ही लिंक रॉड, स्टॅबिलायझर बारचे मधले दोन रबर, आणि मागच्या शॉकअपची जोडी. मिस्त्रींनी मजुरीसकट साडेसहा हजारांचा अंदाज दिलाय. पुढचे शॉकअप आणि लोअर आर्म आत्ता नाही.

पांझराकाठ:
पुढचे न बदलता मागचे? असं कोणी करत नाही. लाखाच्या वर चाललेले शॉकअप कोरडे असले तरी आतून दमलेले असतात. थोडे पैसे घालून चारही करून टाका.

चाळीसगाव_जंक्शन:
सहमत. चारही एकदम.

केळीवाला_रावेर:
साडेसहा आत्ता, लोअर आर्म नंतर, टायर नंतर. बेरीज करा ताई.

सातपुडा_पायथा:
लोअर आर्म मी असतो तर आत्ताच केले असते. भेगा पावसाळ्यात वाढतात.

बोरीकाठ:
बेरीज केलीय. पुढच्यात खराबी सापडली नाही तर मी तिथे पैसे का घालू? गाडी मी चालवते, पुढे बसते, मला त्रास नाही. त्रास मागे बसणाऱ्या माणसाला आहे आणि तिथला शॉकअप डोळ्यांदेखत गळतोय. बुशचा फोटो काढून ठेवलाय. पावसाळा संपला की पुन्हा रॅम्पवर घेऊन त्याच्याशी ताडून बघेन. बॉल जॉइंट सैल निघाला असता तर आखाजीला बसने गेले असते.

तंत्रनिकेतन_धुळे:
मला हा निर्णय पटतो. ज्याची तपासणी झाली त्याच्यावर खर्च, बाकीच्यावर नजर.

सातपुडा_पायथा:
ठीक आहे, मग एवढं करून घ्या. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. तेव्हा चाक खाली लोंबलेलं असतं. तशात आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आधी हाताने बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, मग शेवटचा आवळ. लोअर आर्म कराल तेव्हाही हेच. नवीन आर्म चार महिन्यांत गेला म्हणून कंपनीला बोल लावणारे बरेच येतात, त्यांचे बुश असेच पिळून आवळलेले असतात. आणि बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचे रबरी ठोकळे), डस्ट बूट नवीन घ्या, जुने परत चढवू देऊ नका.

बोरीकाठ:
हे मिस्त्रींना फोनवर वाचून दाखवलं. बोल्टचं ते स्वतःच म्हणाले. बंप स्टॉप यादीत नव्हते, ते वाढवले. सोमवारी गाडी देते.

जामनेर_44:
याच धाग्यात विचारतो. माझ्या वॅगनआरला स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की कट-कट-कट आवाज येतो. लिंक रॉडच का?

सातपुडा_पायथा:
नाही. तो सस्पेन्शनचा विषयच नाही. इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या एक्सलचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट बघा, रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.