न्यूफाउंडलंडचे जुने मच्छीमार आणि व्यापाऱ्याची खातेवही

चर्चाप्रस्ताव
आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर वस्ती करून राहिलेल्या जुन्या मच्छीमारांच्या हालांचे खापर थंडीवर आणि समुद्रावर फोडले जाते, पण माझ्या मते त्यांना खरे जखडले ते उधारीने. वसंतात मीठ, दोर, पीठ आणि काकवी व्यापाऱ्याकडून उचलायची, उन्हाळाभर पकडून, खारवून, सुकवलेला कॉड मासा शरद ऋतूत त्याच्याच हवाली करायचा, आणि दोन्हींचे भाव मात्र त्यानेच ठरवायचे, अशी रीत होती. कित्येक घरांत वर्षानुवर्षे रोख पैसा दिसतच नसे.

प्रतिसाद १
असहमत. जिथे रस्ता नाही, बँक नाही आणि हिवाळ्यात बर्फामुळे जहाजही येत नाही, तिथे पुढच्या मोसमाच्या भरवशावर पीठ देणारा दुसरा होता कोण? जोखीम व्यापाऱ्यालाही होती. १८९४ साली बेटावरच्या दोन बँका कोसळल्या तेव्हा व्यापारी पेढ्याही बुडाल्या.

प्रस्तावकर्ता
जोखीम मला मान्य आहे, पण प्रतवारीचे काय? सुकलेला मासा टेबलावर यायचा आणि तो पारखणारा माणूस बहुधा व्यापाऱ्याचाच असायचा. कडक उन्हाने मांस करपलेले किंवा मीठ कमी-जास्त झालेले दिसले की तो मासा थेट ‘वेस्ट इंडिया’ या हलक्या ढिगात जाई, आणि अशा ओझरत्या नजरेवर घराचे वर्षभराचे पीठ अवलंबून असे.

प्रतिसाद २
आणि तो मासा सुकवत कोण होते, हेही लिहायला हवे. फांद्या अंथरलेल्या लाकडी माचांवर मासा पसरणे, पावसाची चाहूल लागताच हातातले काम टाकून धावणे, तो गोळा करून झाकणे आणि ऊन पडताच पुन्हा पसरणे ही कामे मुख्यतः बायका आणि मुले करत. वरची प्रत मिळायची ती त्यांच्या मेहनतीने. खाते मात्र बहुधा घरच्या पुरुषाच्या नावावर असे. जाच म्हणायचा तर तो आधी इथे दिसतो.

प्रस्तावकर्ता
ही भर मोलाची आहे. दुसरी वाट नव्हती, हे मात्र मला अजूनही पटत नाही. विल्यम कोकर यांनी १९०८ साली हेरिंग नेक येथे मच्छीमारांची संघटना उभारली आणि तिच्या दुकानांतून रोखीने माल मिळू लागला.

प्रतिसाद १
१९०८ पर्यंत किनारी आगबोटी आणि तारायंत्र आले होते. त्याच्या शंभर वर्षे आधी, जेव्हा बाजारभावाची बातमीसुद्धा व्यापाऱ्याच्याच जहाजातून यायची, तेव्हा अशी दुकाने चालली असती असे मला वाटत नाही.