टॉप टॅगर: एयूसी झकास, पण क्यूसीडीच्या वस्तुमानात १७५ जीईव्हीपाशी उंचवटा

डेल्टा_आर
टॉप क्वार्कचे जेट (कणांचे झोत) साध्या क्वार्क-ग्लुऑनच्या, म्हणजे क्यूसीडी, जेटमधून ओळखणारा टॅगर बनवतोय. खुला टॉप टॅगिंग डेटासेट वापरतोय: १४ टीईव्ही, पायथिया ८ (टकरींचं सिम्युलेशन करणारा जनरेटर) आणि डेल्फीस (डिटेक्टरचं सिम्युलेशन), अँटी-केटी पद्धतीने बांधलेले जेट, त्रिज्या ०.८, पीटी (टकरीच्या अक्षाला लंब संवेग) ५५० ते ६५० जीईव्ही, ट्रेनिंगला १२ लाख जेट. नेटवर्क पार्टिकलनेट (जेटला कणांचा ढग मानणारं), प्रत्येक कणाचे शेजारी १६, प्रत्येक जेटचे पीटीने सगळ्यात मोठे १०० घटक. एयूसी (आरओसी आलेखाखालचं क्षेत्रफळ, १ म्हणजे अचूक) ०.९८ च्या वर. पण ५० टक्के टॉप राखणारा कट (स्कोअरची मर्यादा) लावला की उरलेल्या क्यूसीडी जेटचं वस्तुमान थेट टॉपच्या जागी गोळा होतं. इनपुटमध्ये जेटचं वस्तुमान दिलेलंच नाही, मग ते आलं कुठून? आणि हर्विग या दुसऱ्या जनरेटरच्या जेटवर तोच टॅगर बराच ढिला पडतो. कोडमध्ये चूक शोधू की हे असंच असतं?

सॉफ्टकण
वस्तुमान दिलेलं नसलं तरी घटक दिलेत ना! जवळपास वस्तुमानहीन कणांसाठी जेटच्या वस्तुमानाचा वर्ग म्हणजे प्रत्येक जोडीच्या दोन पीटींचा गुणाकार गुणिले त्यांच्यातल्या डेल्टा-आरचा (कोनीय अंतराचा) वर्ग, आणि अशा सगळ्या जोड्यांची बेरीज. पार्टिकलनेटचा एजकॉन्व्ह थर तर जोड्यांमधला फरकच बघतं, त्याला हे सूत्र आयतंच मिळतं. घटकांच्या पीटीला जेटच्या पीटीने भागूनही सुटका नाही. तुमची पीटीची खिडकी इतकी अरुंद आहे की वस्तुमान भागिले पीटी कळलं म्हणजे वस्तुमान कळलंच.

बॅकग्राउंड (टॉप नसलेले जेट) सिम्युलेशनवरून घेणार असाल तर हा उंचवटा एक वेळ चालेल. साइडबँडवरून (शिखराच्या आजूबाजूच्या डेटावरून) घेणार असाल तर नाही चालणार, कारण मग सिग्नल कुठला आणि कटने घडवलेला ढीग कुठला हे फिटला सांगता येत नाही.

रो_अक्ष
उपाय तीन, पण सुरुवात सगळ्यात स्वस्त उपायाने करा: नेटवर्कला हात न लावता कट बदलता ठेवा. क्यूसीडी जेट पीटी आणि रो (वस्तुमानाचा वर्ग भागिले पीटीचा वर्ग, त्याचा लॉग) अशा दोन अक्षांच्या खणांत वाटा. प्रत्येक खणात ५ टक्के क्यूसीडी पास होईल तो स्कोअर काढा, मिळालेला नकाशा गुळगुळीत करा आणि तोच कट म्हणून वापरा. गुळगुळीत न करता वापरलात तर मोजके जेट असलेल्या खणांतले चढउतार वस्तुमानाच्या आलेखात काटे होऊन उगवतात. मर्यादा एकच: सपाटपणा फक्त त्या ५ टक्क्यांच्या वर्किंग पॉइंटला मिळतो. कट बदलला की नकाशा नव्याने.

दुसरा, क्यूसीडीला वजनं देऊन तिचं वस्तुमान टॉपसारखं करणं. टॉपचा आलेख शिखरापासून दूर जवळजवळ रिकामा असतो, त्यामुळे तिथली वजनं शून्यापाशी जातात आणि त्या भागात नेटवर्क काय करेल याची हमी नाही. शिवाय जड क्यूसीडी जेटमध्ये खरोखरच दोन-तीन कठीण (जास्त ऊर्जेच्या) शाखा असतात. ते नातं वजनांनी तुटत नाही.

तिसरा, लॉसमध्येच (ट्रेनिंगमध्ये कमी करायच्या चुकीच्या मापात) डिस्को: नेहमीच्या क्रॉस-एंट्रॉपीत स्कोअर आणि वस्तुमान यांच्यातलं डिस्टन्स कोरिलेशन (दोघांचं एकमेकांवरचं अवलंबन) गुणिले लॅम्डा (त्या शिक्षेचा जोर) मिळवायचं. ते फक्त बॅकग्राउंडच्या जेटवर मोजा, नाहीतर टॉप ओळखण्याचीच शिक्षा होते. बॅच (एका वेळचे जेट) किमान १,०२४ ते २,०४८. शंभरेकच्या बॅचमध्ये ही संख्या इतकी थरथरते की लॅम्डा वाढवूनही उपयोग नाही. स्कोअरवरून वस्तुमान ओळखू पाहणाऱ्या विरोधी, म्हणजे अ‍ॅडव्हर्सरी, नेटवर्कनेही जमतं, पण दोन नेटवर्कची झुंज स्थिर ठेवता ठेवता नाकीनऊ येतात.

एयूसी बघत बसू नका. ५० टक्के सिग्नलला क्यूसीडी किती पट कापली गेली, आणि पास-नापास क्यूसीडीच्या वस्तुमानांतलं जेन्सन-शॅनन अंतर किती, हे दोन आकडे एकाच आलेखावर मांडा.

सॉफ्टकण
हर्विगबद्दल. आधी कोड तपासा: डेल्टा-फाय (फाय कोनातला फरक) उणे पाय ते अधिक पायमध्ये गुंडाळलाय का, आणि १०० पेक्षा कमी कण असलेल्या जेटमधल्या शून्यांनी भरलेल्या जागांना मास्क (त्या वगळण्याची खूण) आहे का. मास्क नसेल तर ते शून्य-कण जेटच्या अक्षावरच येऊन बसतात आणि मधल्या खऱ्या कणांचे शेजारी बनतात. शेजारी शोधण्याआधी त्यांचे निर्देशक ९९९ सारख्या आकड्याने दूर ढकला. ही चूक फसवी आहे, कारण किती जागा रिकाम्या आहेत हे कळलं की नेटवर्कला घटकांची संख्या फुकट मिळते, आणि दोन जनरेटरचं नेमकं तिथेच पटत नाही.

कोड स्वच्छ निघाला तरी फरक उरेलच. पायथियात शॉवर (एका कणातून नवे कण फुटत जाणं) पीटीच्या क्रमाने, हॅड्रॉन बनतात स्ट्रिंगने. हर्विगमध्ये मूळ शॉवर कोनाच्या क्रमाने, हॅड्रॉन क्लस्टरने. मऊ (कमी ऊर्जेचे) कण दोन्हीकडे वेगळे पडणारच, ग्लुऑन जेटमध्ये जास्तच. घटकांच्या पीटीवर १ आणि मग २ जीईव्हीची मर्यादा घालून दोन्हीकडे पुन्हा ट्रेन करा. दरी मिटत गेली तर टॅगर मऊ कणांवर जगतोय. पीएफएन आणि ईएफएन (पार्टिकल फ्लो आणि एनर्जी फ्लो ही दोन नेटवर्क) शेजारी ठेवूनही तेच कळेल: ईएफएन ऊर्जेच्या प्रमाणातच कण मोजतं, म्हणून अगदी मऊ कणांचा त्याच्यावर जोर चालत नाही.

दोन्ही जनरेटर मिसळून ट्रेन केलं की दरी दिसेनाशी होते, पण अनिश्चितता जागच्या जागी राहते. खरी एफिशियन्सी (किती टॉप पकडले जातात ते) डेटातूनच घ्यावी लागते: एका बाजूला म्युऑन आणि बी-जेट (बॉटम क्वार्कचा जेट) असलेल्या टॉप-जोड्या निवडायच्या, समोरच्या मोठ्या जेटवर टॅगर चालवायचा, आणि डेटा भागिले सिम्युलेशन हा स्केल फॅक्टर. जिथवर पीटीत जेट पुरेसे मिळतात तिथवरच तो वैध.

डेल्टा_आर
मास्क शेजारी निवडताना होता, शेवटच्या सरासरीत नव्हता. रो साठी वस्तुमान कच्चं घेऊ की सॉफ्ट ड्रॉप (मऊ कण छाटून उरलेलं)?

रो_अक्ष
फिट ज्या वस्तुमानावर करणार तेच. सॉफ्ट ड्रॉप (झेड-कट ०.१, बीटा ०) असेल तर एकच कण उरलेल्या जेटचं वस्तुमान शून्याजवळ येतं आणि लॉग उणे अनंताकडे पळतो. ४० जीईव्हीखालचे जेट नकाशातून आधीच वगळा.