अस्मिता, अहंकार, इगो की ईर? योगवर्गाच्या दारावरची पाटी

गंगापूर रोड : कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी ६ चा योगवर्ग घेते. नवीन मंडळींसाठी दारावर लिहिलं, 'चपला आणि अस्मिता बाहेर ठेवा.' पतंजलींच्या योगसूत्रांतले पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणाऱ्या गोष्टी (२.३, म्हणजे पाद २, सूत्र ३), पाठ आहेत : अविद्या, अस्मिता, राग (म्हणजे आसक्ती), द्वेष, अभिनिवेश. तोच शब्द हाताला आला. एक निवृत्त काका पाटीपाशीच थांबले. "ताई, मराठी माणसाला अस्मिता चपलांशेजारी ठेवायला सांगता?" खरंच दुखावले होते. पाटी उतरवली. 'अहंकार' लिहिलं तर येणाऱ्यावर आरोप केल्यासारखं होतं. मला म्हणायचंय ते इतकंच की शेजारच्या सतरंजीकडे बघून वाकू नका. शब्द सुचवा.

पंचवटीकर : काकांचं बरोबर आहे. मराठीत अस्मिता म्हणजे स्वत्व, भाषेचा अभिमान. पाटी मराठीत, तर अर्थही मराठीतलाच धरणार लोक.

सिन्नरचा मास्तर : असहमत. वापर बदलला म्हणून मूळ अर्थ मेला का? २.६ बघा. पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, ही अस्मिता. कपाळ गुडघ्याला टेकलं की 'मी पोचलो' वाटतं ते हेच. आणि टेकत नाही म्हणून खट्टू होणं, तीही अस्मिताच! 'अहंकार' म्हटलं की ही दुसरी बाजू सुटते. शब्द ठेवा, वर्गात समजावून सांगा.

सातपूर : समजावेपर्यंत माणूस दुखावून बसतो, मास्तर. पश्चिमोत्तानासनात शेजारचे ६० च्या पुढचे गृहस्थ अंगठे धरून निवांत. मी ३५ चा, हात नडगीपाशी अडलेले. कुणी काही बोललं नव्हतं. तरी झटका दिला, मांडीमागची शीर धरली. दीड महिना कंपनीत मशीनपुढे उभं राहणं जड गेलं. आई एवढंच म्हणाली, "इरेला कशाला पेटलास?" शब्द हाच आहे ताई. 'ईर बाहेर ठेवा.'

कॉलेज रोड : सरळ 'इगो' लिहा. सगळ्यांना कळतं.

सिन्नरचा मास्तर : 'त्याचा इगो दुखावला' म्हणजे त्याचा मान राखला नाही, तो रुसला. सतरंजीवरची चढाओढ त्यात कुठे आली?

गंगापूर रोड : ईर मनात भरली. पण ईर आणि ईर्षा एकच ना? संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर, आपल्याकडे मात्र 'ईर्षेने अभ्यास केला' हे कौतुक. काका पुन्हा अडतील. २.४७ मधलं 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे प्रयत्नातली ओढाताण सैल सोडणं, फार सुंदर आहे, पण पाटीवर ते कोण वाचणार?

पंचवटीकर : ईर एकटी वापरतच नाहीत, ती पेटते तरी नाहीतर माणूस इरेस पडतो. माझी आजी इरसालही त्यातलाच मानायची. इरेला पेटतो तो इरसाल.

सिन्नरचा मास्तर : नाही हो! इरसाल अरबी. जुन्या कागदांत इरसाल म्हणजे सरकारी खजिन्यात पाठवलेला भरणा.

पंचवटीकर : मग खजिन्यातल्या भरण्याचं 'इरसाल कार्टं' कसं झालं, ते सांगा. आजीचा अर्थ निदान कार्ट्याला लागू तरी पडतो.

कॉलेज रोड : ताई, पाटी अजून कोरीच आहे का?